खडे बाजारातले चेन दुरुस्तीचे मामा

बॅगेची चेन गेली म्हणून नवी बॅग घ्यायला निघाला असाल तर आधी बेळगावच्या खडे बाजारात या मामांकडे जा. दुकान कसलं, कपड्याच्या दुकानाच्या पायरीला लागून एक मशीन आणि रनरने, म्हणजे चेन उघडबंद करायच्या सरकत्या तुकड्यांनी, भरलेले डबे. पण काम अव्वल.

लेकीच्या दप्तराचं कापड धडधाकट होतं, चेन मात्र बंद केली की मागून उघडायची. आधी जिथे दाखवलं तिथे "पूर्ण चेन बदला, नाहीतर नवीन घ्या" असं ऐकलं. मामांनी दातांवरून नख फिरवलं आणि म्हणाले, "दात बरे हाईत बाई, रनर ढिला झालाय." रनरच्या आत इंग्रजी वाय अक्षरासारखी वाट असते. दोन्हीकडचे दात तिथे एकत्र येऊन एकमेकांत अडकतात. वापरून ती वाट रुंदावली की दात नुसते शेजारून जातात, अडकत नाहीत. पक्कडीने रनर दाबला तर तात्पुरतं भागतं, पण मामांनी तसं केलं नाही. टोकाची शिवण उसवली, त्याच मापाचा रनर ओवला, दातांवर मेणबत्ती घासली आणि कान जवळ नेऊन चेन ओढली. "मधी आवाज तुटतोय बघा." तिथला वाकडा दात सरळ केला, पुन्हा ओढली. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखं सर्रर्र.

मी हायस्कूलला इंग्रजी शिकवते, म्हणून हे आवाज ऐकणं फार आवडलं. चेनला इंग्रजीत म्हणतात तो ‘झिप’ शब्द आधी आवाजच होता, 19व्या शतकात सुसाट गेलेल्या गोळीचा वगैरे. व्हिटकॉम्ब जडसनने 1893 मध्ये बुटांसाठी अशा चेनचं पेटंट घेतलं, गिडियन सुंडबॅकने 1913 च्या सुमारास आजच्यासारखे दात बसवले, तरी त्या वस्तूला हे नाव नव्हतं. 1923 मध्ये गुडरिच कंपनीने चेनवाले रबरी बूट ‘झिपर’ म्हणून विकले आणि बुटाचं नाव चेनलाच चिकटलं. त्या आवाजातला वेग पुढेही कामी आला. अमेरिकन पोस्टाने 1963 मध्ये आपल्या पिनकोडसारखे आकडे आणले, तेव्हा योजनेच्या नावाची आद्याक्षरं ‘झिप’ होतील अशी जुळवली, म्हणजे पत्र झटकन पोचेल. कॉम्प्युटरची झिप फाइल 1989 ची, तीही वेगावरूनच. आता नववीला हा धडा चेन ओढूनच शिकवणार आहे.

मामा मराठी-कन्नड दोन्ही बोलतात, दर आधी सांगतात. माझे 40 रुपये झाले, बसल्या जागी काम झालं. शाळा सुरू होताना मात्र गर्दी असते, बॅग ठेवून जावं लागतं. जीन्स-जॅकेटच्या पितळी चेनचे रनर त्यांच्याकडे नेहमी नसतात, आधी विचारून घ्या.