वळणदार फ्रेटबोर्डवर इनले: १, १.३ की १.५ मिमी?

गिटारच्या फ्रेटबोर्डमध्ये (तारांखालची लाकडी पट्टी) इनले, म्हणजे शिंपल्याचे तुकडे बसवायचे म्हणून शिंपला घ्यायला गेलं की सहसा याच तीन जाड्या समोर येतात. क्लासिकल गिटारसारखा सपाट बोर्ड असेल तर १ मिमी पुरे. बोर्डला गोलाई असली की गणित बदलतं: लाकूड दोन्ही कडांकडे उतरतं, शिंपला मात्र सपाटच राहतो. पॉलिश पेपर मग मध्याला हातही न लावता शिंपल्याच्या कडा खातो. म्हणून आधी कडेची झीज काढायची, भाव नंतर विचारायचा.

इनलेच्या आडव्या रुंदीचा वर्ग करा आणि त्याला गोलाईच्या त्रिज्येच्या आठपटीने भागा, दोन्ही मापं मिमीत (१६ इंची गोलाई म्हणजे १६ इंच त्रिज्या, ४०६ मिमी). ४० मिमी रुंद ब्लॉक (आयताकृती इनले) धरला, तर गिटार बनवणाऱ्या मार्टिनच्या १६ इंची गोलाईवर कडेला ०.४९ मिमी जातं, गिब्सनच्या १२ इंचीवर ०.६६, फेंडरच्या ९.५ इंचीवर ०.८३ आणि जुन्या फेंडरच्या ७.२५ इंचीवर तब्बल १.०९.

घासून झाल्यावर कडेला अर्धा मिमी तरी उरायला हवा. त्याखाली शिंपला पारदर्शक व्हायला लागतो, खालचं काळं लाकूड आणि गोंद दिसतो, कडा राखाडी पडतात. शिवाय पुढे फ्रेट (बोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) बदलताना बोर्ड पुन्हा घासला जाणारच.

१ मिमी १६ इंचीवर जेमतेम निभावतो, १२ इंचीवर ब्लॉकसाठी घेऊच नका, कडेला ०.३४ मिमीच उरेल. गिब्सन पद्धतीच्या बोर्डला १.३ अगदी बरोबर. ९.५ इंचीवर तोच ०.४७ वर येतो, तिथे १.५ घ्या. ७.२५ इंचीवर १.५ सुद्धा कमी पडतो. तिथे दोन वाटा आहेत. २ मिमी जाडी घेतली तर हाताने कापताना करवतीची पाती पटापट तुटतात. ब्लॉकच्या तीन उभ्या पट्ट्या करून प्रत्येक पट्टी आपापल्या उतारावर बसवली, तर प्रत्येकीची झीज ०.१२ मिमीवर येते. शिंपल्याच्या रेषा जुळवल्या तर सांधे फारसे दिसत नाहीत, त्यामुळे आमचा कौल पट्ट्यांना.

मधोमध बसणाऱ्या ६ मिमीच्या ठिपक्यांना हा हिशोब लागत नाही. बाराव्या फ्रेटवरची जोडी मात्र फसवते. मध्यापासून १४ मिमीवर सरळ खाली भोक पाडलं, तर १२ इंची गोलाईवर ठिपक्याची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा सुमारे ०.२८ मिमी जास्त घासली जाते. तिथे १ मिमीचा ठिपका बाहेरच्या कडेला सुमारे ०.७ मिमीच उरतो, हे धरून चाला.

कोंदणाची (शिंपला बसवायला लाकडात कोरलेल्या खाचेची) खोली मध्याला मोजून शिंपल्याच्या जाडीपेक्षा ०.१ मिमी कमी ठेवा. शिंपला लाकडाच्या ०.३ मिमी वर ठेवलात तर १.३ घेऊन १ मिमीच वापरल्यासारखं, कारण वरचं सगळं घासून जातं. उलट कोंदण जास्त खोल गेलं तर कडा लाकडाला मिळतात पण मधोमध गोंदाचं तळं साचतं, आणि ते पॉलिशनंतर हमखास दिसतं. राऊटर (कोंदण कोरायचं यंत्र) शक्यतो बोर्ड गोल करण्याआधी, सपाट असतानाच चालवा. गोल पृष्ठभागावर त्याचा तळ डुलतो आणि कोंदणाचा तळ तिरका होतो.

शिंपल्याची भुकटी फुप्फुसाला वाईट. एन-९५ मास्क लावा आणि कापताना व्हॅक्यूमची नळी पात्यापाशी धरा.