साठ मायक्रॉनची जाळी : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

ही जाळी मी घरीच शिवली आहे. कापड स्क्रीन प्रिंटिंगवाले वापरतात ते पॉलिस्टरचं, सेंटीमीटरला १०० धागे असलेलं. म्हणजे भोक साधारण ६० मायक्रॉनचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तोंडाला २५ सेंटीमीटरचं कडं आणि निमुळत्या टोकाला प्लास्टिकची बाटली. ऑक्टोबरपासून दर आठवड्याला रत्नागिरीत भाट्याच्या खाडीत ती सोडते आणि घरी आल्यावर साध्या शाळकरी सूक्ष्मदर्शकाखाली बघते. हे सगळं कोपेपॉडसाठी. खेकड्या-कोळंबीचे हे नातेवाईक बहुतेक मिलिमीटरभरही नसतात, पण समुद्रातल्या प्राणिप्लवकांत, म्हणजे पाण्याबरोबर वाहत जाणाऱ्या बारीक प्राण्यांत, संख्येने बहुधा तेच सर्वांत जास्त असतात.

याआधी वर्षभर माझ्याकडे ४३ धाग्यांची जाळी होती, भोक १५० मायक्रॉनच्या आसपास. तिच्यावर विसंबून मी वहीत लिहून ठेवलं होतं की या खाडीत मुख्यतः अकार्शिया आणि स्यूडोडायप्टोमस हे कोपेपॉड आहेत. नवी जाळी त्याच धक्क्यावरून, तशाच ओहोटीला, पाचच मिनिटं धरली. बशीतलं पाणी अंगावर काटा यावा तसं शहारत होतं. भिंगाखाली पाहिलं तर ओइथोना या लहानशा कोपेपॉडची नुसती गर्दी, आणि त्यांच्यामध्ये कोपेपॉडची पिल्लं, नॉप्लियस, मोजता येऊ नयेत इतकी. वर्षभर ती सगळी माझ्या जाळीतून आरपार जात होती. वहीतलं ते पान मी खोडलेलं नाही, शेजारी तारीख घालून दुरुस्ती लिहिली.

हे फक्त माझ्याच बाबतीत घडलं असं नाही. १९६० च्या दशकातल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत सगळ्या जहाजांना एकसारखी जाळी ठरवून दिली होती, ती ३३० मायक्रॉनची. त्या मोहिमेतूनच पुढे १९६६ साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली, इतकं तिचं मोल मोठं. पण ३३० मायक्रॉनच्या जाळीतून लहान कोपेपॉड आणि त्यांची पिल्लं निसटणारच. जगभर बरीच वर्षं याहून फार बारीक जाळ्या वापरात नव्हत्या, त्यामुळे लहान जातींची संख्या सतत कमी धरली गेली. माशांच्या नुकत्या फुटलेल्या पिल्लांच्या तोंडात मावतात ते तर हेच नॉप्लियस. बांगडा आणि तारली आपल्या ताटात येतात, त्यामागे ही बारीक मंडळी आहेत.

सूक्ष्मदर्शकाबद्दल एकच सांगते : चाळीसपट पुरतं. जास्त पट लावली की प्राणी चौकटीत सापडतच नाही. कोपेपॉड दचकला की सेकंदाला स्वतःच्या लांबीच्या शेकडो पट वेगाने उडी घेतो. खोलगट काचपट्टीवर कापसाचे चार तंतू घातले की तो अडकून राहतो. तेवढ्यानेही थांबला नाही तर सोडावॉटरचा एक थेंब; कर्बवायूने त्याला गुंगी येते. बघून झालं की भरपूर समुद्राच्या पाण्यात सोडते.

ओळखायला मला सगळ्यात उपयोगी पडली ती कंबर. कोपेपॉडचं शरीर पुढे रुंद, मागे अरुंद, आणि मध्ये ते एका सांध्यात वाकतं. अकार्शियाच्या कॅलॅनॉइड गटात हा सांधा पाचव्या पायाच्या खंडामागे असतो. ओइथोनात चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये. एकदा डोळ्याला सवय झाली की मिशा बघायच्या आधीच गट कळतो. पायांची प्रत्येक जोडी मधल्या पट्टीने जोडलेली असते, म्हणून डावा-उजवा पाय एकदमच हलतो, होडीच्या वल्ह्यांसारखा. ग्रीक नावाचा अर्थही ‘वल्ह्यांचे पाय’ असाच आहे. कपाळावर एकच लाल ठिपका, तो डोळा. कल्ले नाहीत. कॅलॅनॉइडना पाठीकडे इवलंसं हृदय असतं, ओइथोनाला तेही नाही. आतडं आणि स्नायू हलतात त्यावरच अंगातला द्रव फिरतो. हे कळल्यावर मी एका मादीचं आतडं किती तरी वेळ बघत बसले होते.

खाण्याची पद्धतही वेगळी. पॅराकॅलॅनस हा कॅलॅनॉइड गटातला कोपेपॉड तोंडाजवळचे अवयव हलवून प्रवाह तयार करतो आणि त्यातले डायटम, म्हणजे एकपेशीय शेवाळ, वेचतो. ओइथोना स्तब्ध लटकून राहते. जवळून एखादा सूक्ष्मजीव पोहत गेला की मिशांवरच्या केसांना पाण्याची हालचाल जाणवते आणि ती झेपावते.

आता जाळीचे दोष. ती फार लवकर तुंबते. नोव्हेंबरात पाच मिनिटं चालायची, जूनच्या पहिल्या पावसानंतर खाडीत काजळी नदीचं गढूळ पाणी आलं आणि मिनिटभरात तोंडातून पाणी उलटं वाहायला लागलं. जानेवारीत एका संध्याकाळी नॉक्टिल्युका हा एकपेशीय जीव मोठ्या संख्येने आला आणि बाटलीत नुसता लगदा. नॉक्टिल्युका कोपेपॉडची अंडीही खातो, त्यामुळे त्या आठवड्याची मोजणी मी वेगळी ठेवली. उधाणाच्या ओढीत कापडावर ताण येतो. शिवण एकदा उसवली. भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते त्या दिवसांत, पाणी संथ असतं, तेव्हाच नवशिक्यांनी सुरुवात करावी. पहिलं लोखंडी कडं दोन महिन्यांत गंजलं, आता वेताचं लावलंय.

धक्क्यावरचे एक तांडेलमामा सुरुवातीपासून विचारायचे, “बाई, एवढ्या बारीक जालीत काय गावनार?” मार्चमध्ये सूक्ष्मदर्शक तिथेच नेला आणि शेपटीकडे अंड्यांच्या दोन पिशव्या घेतलेली ओइथोना त्यांना दाखवली. डोळा न काढता ते म्हणाले, “गाभोली हाय की हिला!” आता मला यायला उशीर झाला तर दोरी तेच धरून ठेवतात.

कुणाला शिवायची असेल तर कापड मीटरभर घ्या आणि जाळी लांब ठेवा. तोंडाच्या मानाने कापड जास्त असेल तर तुंबायला वेळ लागतो. शिवण दुहेरी दुमडून घाला, नाहीतर सुईच्या भोकांतूनच नॉप्लियस जातात. वापरल्यावर गोड्या पाण्यात खळबळून सावलीत वाळवा. आणि जुनी जाडी जाळी टाकू नका. मी दोन्ही एकाच ओहोटीला शेजारी-शेजारी धरते आणि दोन बाटल्यांवर वेगळ्या रंगाचे दोरे बांधते.