एर्मेसचा रेशमी कारे : बरेच महिने गळ्यात बांधल्यानंतर

फ्रान्समध्ये लियाँला राहायला आल्यापासून एर्मेस (Hermès) या फ्रेंच फॅशन कंपनीचा चौकोनी रेशमी स्कार्फ घ्यायचं मनात होतं. इथे त्याला नुसतं 'कारे' म्हणतात. नवा पाचशे युरोंच्या घरात जातो, म्हणून जुन्या मालाच्या दुकानातून 'ब्रीद द गाला' हे डिझाइन उचललं. हिवाळ्यापासून ऑफिसचा शर्ट, कोट, सुती कुर्ता, सगळ्यांवर तोच आहे.

आईने व्हिडिओ कॉलवर बघितला आणि पहिला प्रश्न केला, "छापीलच ना गं? मग एवढे पैसे कशाचे?" प्रश्न रास्त आहे. पैठणीच्या पदरावरचा मोर विणलेला असतो, इथली नक्षी छापलेली. पण ही छपाई जवळून बघायला हवी. प्रत्येक रंगाला छपाईच्या जाळीची वेगळी चौकट, एकामागून एक. काही डिझाइनना तीस-चाळीस लागतात. माझ्या स्कार्फवर समारंभाचे दोन लगाम आहेत. त्यांच्या चामड्यावरची शिवण टाका न् टाका मोजता येते, बकलाच्या पितळेला तीन छटांची सावली आहे, आणि कुठेही एक रंग दुसऱ्यावर चढलेला नाही. इतके महिने उन्हात-वाऱ्यात वापरूनही लाल तसाच आहे.

कापड सिल्क ट्विल, विणीत बारीक तिरप्या रेषा. त्यामुळे त्याला अंग आहे. साटीनसारखी गाठ सुळकन सुटत नाही. वापरून वापरून मऊ पडलंय, पण लोळागोळा झालेलं नाही. ९० सेंटीमीटरचा चौकोन मात्र आखूड मानेला जरा जास्त होतो. त्रिकोणी घडी घातली की हनुवटीखाली बोजड वाटतं, पट्टीसारखी घडी बरी. आणि पाण्याच्या थेंबाचा डाग पडतो, पावसात कोटाच्या आत घ्यावा लागतो.

खरी कारागिरी कडेला आहे. कड हाताने वळून, उलट्या नव्हे तर सुलट्या बाजूला आणून टाके घातलेले असतात, म्हणून ती गोल, फुगीर दिसते. एका लाँड्रीने माझ्या स्कार्फच्या दोन कडांवरून इस्त्री फिरवून त्या चपट्या केल्या. फार वाईट वाटलं. वाफेवर धरल्यावर थोड्या उठल्या, पण पहिली गोलाई गेली ती गेलीच.

तिएरी एर्मेसने १८३७ मध्ये पॅरिसमध्ये घोड्यांच्या साजाचं दुकान काढलं, स्कार्फ आला थेट १९३७ मध्ये. लगामांचं हे चित्र चित्रकार ह्युगो ग्रिगकार यांनी १९५७ मध्ये काढलं आणि आजही ते नव्या रंगांत निघतं. माझ्या मते एर्मेसची ओढ टिकली ती यामुळे. दर हंगामाला जुनं मोडीत काढायची घाई नाही, त्यामुळे माझा जुना स्कार्फ कुणाला जुनाट वाटत नाही. छपाई होते ती लियाँला लागूनच असलेल्या पिएर-बेनीतमध्ये. लियाँने शतकानुशतकं रेशमावर पोट भरलं. इथल्या क्रुआ-रूस टेकडीच्या चढावरची घरं उंच छतांची आहेत, कारण आत माग बसवायचे होते. त्या चढावरून जाताना हा स्कार्फ गळ्यात असला की मला मनापासून छान वाटतं.

जुना घेणार असाल तर दुकानात आधी कड बोटांत फिरवून बघा. चपटी लागली किंवा मशीनची शिवण दिसली तर तिथेच ठेवा. मग उजेडात धरून घडीच्या रेषांवर रंग उडालाय का ते तपासा. जुन्या स्कार्फचं रेशीम आधी तिथेच थकतं.