सबर्बन एसडब्ल्यू६डीई: गॅसवर गरम, विजेवर गार

अमेरिकेत आरव्ही (राहण्याची सोय असलेली प्रवासी गाडी) भाड्याने घ्या किंवा जुनी विकत घ्या, बाहेरच्या बाजूची ती चौकोनी पत्र्याची झडप उघडली की बऱ्याचदा हाच गीझर दिसतो. टाकी ६ गॅलनची, म्हणजे जेमतेम २३ लिटर. आपल्याकडच्या २५ लिटरच्या गीझरएवढीच. पाणी तापवायच्या सोयी मात्र दोन: प्रोपेन गॅसवर १२,००० बीटीयूचा (बीटीयू हे उष्णतेचं माप) बर्नर आणि १२० व्होल्टवर १४४० वॅटची कॉइल. विजेवर गार पाणी ५४ अंशांपर्यंत यायला पाऊण तास लागतो, गॅसवर त्याच्या निम्म्याच्या आसपास. कॅम्पग्राउंडच्या भाड्यात वीज धरलेली असेल तर कॉइलच परवडते, आणि नेमकी तीच बाजू आधी बंद पडते.

गॅसवर पाणी कडक तापतंय आणि विजेवर गारच, असं असेल तर निम्मं निदान झालंच. टाकीत पाणी आहे, नळजोडणी ठीक आहे. दोन्ही बाजूंचे थर्मोस्टॅट वेगळे असल्यामुळे दोष फक्त १२० व्होल्टच्या वाटेवर शोधायचा. दोन्हींवर पाणी कोमटच येत असेल तर गीझरला दोष देऊ नका. बाहेरच्या शॉवरच्या दोन्ही चाव्या उघड्या ठेवून नुसतं हातातलं बटण बंद केलेलं असतं, त्यातून गार पाणी गरम लाइनीत शिरतं. हिवाळ्यासाठी फिरवलेला बायपास (टाकी टाळून पाणी थेट गरम लाइनीत नेणारी वाट) अर्धवट राहिला तरी हेच होतं.

वीज येते कुठून, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. ही कॉइल १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालत नाही. कॅम्पग्राउंडवरचा वीजजोडणीचा खांब नाहीतर जनरेटर लागतो. ती १२ अँपिअर ओढते. ३० अँपिअरच्या जोडणीवर एसी, मायक्रोवेव्ह आणि गीझर एकदम लावले की ब्रेकर पडणारच. आणि खांबावर व्होल्टेज १०० वर घसरलं असेल तर कॉइल १००० वॅटच देते. पाऊण तासाचा तास होतो. ही बिघाडाची खूण नव्हे.

आता या मॉडेलची खरी खोड. आतल्या पॅनलवर बटण असलं तरी बाहेर, झडपेमागे डाव्या खालच्या कोपऱ्यात, गॅसच्या नळीआड एक काळं रॉकर बटण लपलेलं आहे. ते बंद असेल तर आतलं बटण कितीही दाबा, काही होत नाही. नव्या गाडीत कधीकधी ते बंद ठेवण्यासाठी अडकवलेली पिनही तशीच असते. इतकं महत्त्वाचं बटण गुडघे टेकून, टॉर्च मारून शोधायला लावणं ही डिझाइनची सरळ चूक आहे.

बटण चालू असेल तर काळं रबरी झाकण उचलून रीसेट दाबा. तिथे दोन रीसेट आहेत, १२ व्होल्टचं (गॅसच्या बाजूचं) वेगळं आणि १२० व्होल्टचं (कॉइलचं) वेगळं. टक् असा आवाज आला तर ८२ अंशांवर वीज तोडणारी सुरक्षा कडी पडली होती. एकदा पडली तर हरकत नाही. पुन्हा पुन्हा पडत असेल तर दाबत बसू नका. थर्मोस्टॅट टाकीच्या पत्र्याला घट्ट टेकलाय का बघा आणि टेकलेला असूनही पडत असेल तर बदला (१२० व्होल्टच्या जोडीचा पार्ट नंबर २३२३०६).

पुढचं काम मल्टिमीटरचं. ब्रेकर पाडा, वीज खरंच गेलीय याची मीटरनेच खात्री करा, मग कॉइलच्या दोन्ही वायरी सोडा. दोन स्क्रूंमध्ये १० ओमच्या आसपास आकडा हवा. मीटर ओएल (म्हणजे आत तुटलेलं सर्किट) दाखवत असेल तर कॉइल जळली. एकेका स्क्रूपासून टाकीच्या धातूपर्यंत काहीही वाचन आलं तर कॉइल बॉडीला लागली आहे. मग ती पाणी तापवत असली तरी काढायचीच. आकडा बरोबर आला तर रॉकर बटणामागच्या आणि जंक्शन बॉक्समधल्या जोडण्या पाहा. ढिला जोड १२ अँपिअरला काळा पडतो, वितळलेल्या प्लास्टिकचा वासही येतो.

कॉइल जळण्याचं नेहमीचं कारण म्हणजे कोरडी टाकी. हिवाळ्यानंतर बायपास तसाच राहतो, कोणीतरी बटण दाबतं आणि कॉइल बघता बघता जाते. यात फसवणूक अशी की बायपासवरही गरम नळाला पाणी येतं, म्हणून नळ सोडून बघणं हा पुरावा नाही. गार असतानाच प्रेशर रिलीफ व्हॉल्व्हची दांडी उचला. पाणी आलं तर टाकी भरलेली. आपल्या गीझरवरचे दिवे निदान काहीतरी सांगतात. इथे टाकी रिकामी असल्याची एकही सूचना मिळत नाही.

कॉइल बदलणं मात्र सोपं आहे, आणि हा या गीझरचा मोठा गुण. काम सगळं बाहेरूनच होतं. पाणी बंद करा, गरम नळ उघडून दाब सोडा, टाकी गार होऊ द्या. १ १/१६ इंची सॉकेटने अ‍ॅनोड (टाकीऐवजी स्वतः झिजून तिला गंजापासून वाचवणारी कांडी) काढला की टाकी रिकामी होते. कॉइल दीड इंची पान्याने सुटते. मूळ पार्ट ५२०९००. तेवढ्याच वॅटचा दुसऱ्या बनावटीचाही चालतो. २००० वॅटचा बसवलात तर तो जवळजवळ १७ अँपिअर मागतो, आणि ती वायरिंग त्यासाठी नाही. भारतातून आणलेली २३० व्होल्टची २००० वॅटची कॉइल इथे साडेपाचशे वॅटही देणार नाही. बसवायच्या आधी तळाचा पांढरा गाळ पाइपाने धुऊन काढा, नाहीतर नवी कॉइलही त्यात पुरली जाऊन तापते. अ‍ॅनोड पाऊण झिजला असेल तर त्याच वेळी बदला. टाकी स्टीलची आहे, अ‍ॅनोड संपला की तीच गंजते.

भरताना गरम नळ उघडा ठेवा. फुसफुस थांबून सलग धार आली की नळ बंद, मग रिलीफ व्हॉल्व्ह उचलून पाणी बघायचं, आणि सगळ्यात शेवटी ब्रेकर.