दहापट भिंग आणि राखाडी टोपीतला पिकाचू: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आठ महिन्यांपूर्वी मी घड्याळ दुरुस्त करणारे वापरतात तसलं दहापट भिंग घेतलं, तेही एका कार्डापायी. लेकीचा राखाडी टोपीतला पिकाचू, म्हणजे पोकेमॉन या जपानी मालिकेतल्या पिवळ्या प्राण्याचं खेळायचं कार्ड.

आम्ही अ‍ॅमस्टलव्हीनला, नेदरलँड्समध्ये राहतो. ऑक्टोबर २०२३ च्या पहिल्या आठवड्यात तिला घेऊन अ‍ॅमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग म्युझियममध्ये गेले होते. चित्रांसमोर थांबून कागदावरचे प्रश्न सोडवले की तिथे हे पोकेमॉनचं प्रोमो कार्ड, म्हणजे प्रसिद्धीसाठी वाटलेलं खास कार्ड, फुकट मिळायचं. विकण्यासाठी कार्डं गोळा करणाऱ्यांची रेटारेटी एवढी वाढली, की त्याच महिन्यात म्युझियमला सुरक्षेसाठी वाटप थांबवावं लागलं. ती बातमी सगळीकडे पोचली आणि घरच्या ग्रुपवर विचारणा सुरू झाली, "तुझ्याकडच्या कार्डाचे किती येतील गं?" तेव्हा मला सांगता येत नव्हतं. आता सांगता येतं, म्हणून लिहितेय.

आधी भिंगाचं सांगते. पहिल्यांदा मी चूक केली आणि साठपट, दिवावालं प्लास्टिकचं घेतलं. त्यातून कागदाचा प्रत्येक धागा ओरखड्यासारखा दिसतो. चांगलं कार्डही खराब वाटायला लागतं, आणि हात जरा हलला की चित्र गायब. दहापट काचेचं भिंग यासाठी पुरेसं आहे. ते डोळ्याला जवळजवळ चिकटवायचं आणि कार्ड अडीच सेंटिमीटरवर आणायचं. हे जमायला मला आठवडाभर लागला. तिसऱ्या महिन्यात झाकणाचा स्क्रू ढिला झाला, तो घट्ट केल्यावर आजवर तक्रार नाही. काच चष्म्याच्या कपड्याने पुसते, ओढणीने कधीच नाही.

लेकीचं कार्ड पहिल्यांदा भिंगाखाली ठेवलं ती संध्याकाळ मला लख्ख आठवते. व्हॅन गॉगने १८८७ मध्ये पॅरिसला रंगवलेल्या स्वतःच्या राखाडी टोपीतल्या चित्रात छोटे छोटे फटकारे आहेत, आणि कार्डाच्या चित्रकार नाओयो किमुरा यांनी पिकाचूला तोच बाज दिलाय. टोपीच्या कडेवर भिंग नेलं की ते फटकारे विरघळतात आणि निळे, गुलाबी, पिवळे ठिपके उरतात, रांगोळीच्या ठिपक्यांसारखे नेमके बसलेले. मग खालच्या मजकुरावर सरकायचं. तिथे ठिपके नाहीत, अक्षरं सलग काळी, कडा स्वच्छ. खऱ्या कार्डाची ही खूण मला सगळ्यात भरवशाची वाटते.

तिचा उपयोग लगेच झाला. नाशिकच्या भाच्यासाठी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून हेच कार्ड मागवलं होतं. नंबर बरोबर, एसव्हीपी ०८५. काळ्या चांदणीत 'प्रोमो' लिहिलेलं तेही बरोबर. पण भिंगाखाली अक्षरंसुद्धा रंगीत ठिपक्यांची! पुन्हा छापलेल्या फोटोसारखी, कडा फिस्कटलेल्या. मोबाइलचा टॉर्च मागे धरला तर प्रकाश आरपार आला, लेकीच्या कार्डातून अगदी थोडा आला होता. खऱ्या कार्डाच्या पोटात काळसर थर असतो, कडेने पाहिलं तर तो बारीक रेघेसारखा दिसतो. या कार्डात तो नव्हताच. फोटो पाठवले, दोन आठवडे मेलामेली केली, तेव्हा पैसे परत आले. भाच्याला "कार्ड यायला उशीर होतोय" असं सांगताना मात्र मला फार वाईट वाटलं.

खरेपणा ठरला की मग कार्डाची अवस्था. पोकेमॉन कार्डाची मागची बाजू निळी असते, त्यामुळे कडा जरा जरी झिजली तरी पांढरं दिसतं. लेकीच्या कार्डाच्या मागे, डाव्या खालच्या कोपऱ्यात रव्याच्या कणाएवढा पांढरा ठिपका आहे. नुसत्या डोळ्यांना तो मला दीड वर्ष दिसला नव्हता. पृष्ठभागावरचे ओरखडे पाहायला भिंगापेक्षा टेबललॅम्प उपयोगी पडतो. कार्ड तिरकं धरून उजेड घासत जाऊ द्यायचा. छपाई मधोमध आहे का, हे साध्या पट्टीने मोजता येतं. पीएसए ही ग्रेडिंग कंपनी, म्हणजे फी घेऊन कार्ड तपासून त्याच्या अवस्थेला दहापैकी गुण देणारी. तिच्याकडून १० गुण मिळायला पुढच्या बाजूचे समोरासमोरचे समास साधारण ५५-४५ या प्रमाणाच्या आत लागतात. आमचं त्यात बसतं, पण तो कोपरा आड येतो.

आता भाव. विक्रेते मागतात तो भाव मी बघतच नाही. ईबेवर 'विकलेल्या वस्तू' हा फिल्टर लावते, कार्डमार्केट या कार्डांच्या युरोपियन बाजार-साइटवर त्याच भाषेतलं आणि त्याच अवस्थेतलं कार्ड शोधते. शिवाय पीएसएच्या साइटवर कोणत्या कार्डाला कितीदा १० गुण मिळाले, हा आकडा सगळ्यांना बघता येतो. या पिकाचूच्या बाबतीत तो प्रचंड आहे. कारण उघड आहे: हे कार्ड जपून ठेवायचं हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे १० आणि ९ यांच्या भावात मोठी दरी पडते. ९ मिळणार असेल तर ग्रेडिंगची फी आणि टपाल वजा जाता हातात फारसं उरत नाही. म्हणून आमचं कार्ड मी पाठवलं नाही.

प्रोमो म्हणजे दुर्मीळ, हा समज माझाही होता. १९९७-९८ च्या जपानी चित्रस्पर्धांतल्या विजेत्यांना दिलेल्या 'पिकाचू इलस्ट्रेटर' या कार्डाच्या मोजक्या ३९ प्रती वाटल्या गेल्या, त्यातलं एक कार्ड पुढे ५० लाख डॉलरच्या वर गेलं. याउलट २००० साली पोकेमॉन चित्रपटाच्या तिकिटासोबत वाटलेलं 'एन्शंट म्यू' हे कार्ड पंचवीस वर्षं जुनं असूनही स्वस्तात मिळतं, कारण ते ढिगाने वाटलं गेलं. टोपीवाला पिकाचूही नंतर पोकेमॉन सेंटर या कंपनीच्या स्वतःच्या दुकानातल्या खरेदीसोबत देण्यात आला, आणि म्युझियममधल्या कार्डावर वेगळा शिक्का नाही. आम्ही रांगेत उभं राहून मिळवलं, याचा बाजारात एक युरोही जास्त येत नाही. हे कळलं तेव्हा लेक हिरमुसली, आणि खरं सांगायचं तर मीही.

ज्यांच्याकडे दोन-तीनच कार्डं आहेत त्यांनी भिंग उसनं घेतलं तरी चालेल. विकत घेणाऱ्यांनी मात्र पहिल्या खरेदीच्या आधी जरूर घ्यावं, मी उशीर केला. भाच्यासाठी दुसरं कार्ड मी विक्रेत्यासमोर बसून, भिंगातून तपासूनच घेतलं. मऊ प्लास्टिकची स्लीव्ह, वर टॉपलोडर नावाचं कडक पाकीट, असं गुंडाळून ते दिवाळीला भारतात निघालेल्या शेजारच्या काकूंच्या हँडबॅगेत दिलं. भाच्याने व्हिडिओ कॉलवर ते उलटं करून कोपरे दाखवले, चारही निळे.