ओट्याचा दगड: खाणीतला की कारखान्यातला?

ओटा एकदा बसला की वर्षानुवर्षं हलत नाही. तरी बहुतेक जण तो रंगावरून ठरवतात. माझं मत असं की रंग सगळ्यात शेवटी बघावा. आधी तापलेलं भांडं, मग आंबट पदार्थ, आणि त्याच्याही आधी तो दगड कापणाऱ्या माणसाच्या छातीत जाणारी धूळ.

‘क्वार्ट्झ’ नावाने मिळणारा ओटा खाणीतून अखंड निघालेला नसतो. त्यात वजनाने साधारण 90 टक्के गारगोटीचा चुरा असतो. उरतं ते त्याला धरून ठेवणारं रेझिन, म्हणजे प्लास्टिकसारखा कृत्रिम डिंक, आणि रंग. इटलीतल्या ब्रेटॉन कंपनीने विकसित केलेल्या पद्धतीत हे मिश्रण निर्वात साच्यात हादरे देत दाबतात, मग तापवून घट्ट करतात. या ओट्याचे गुण आणि दोष दोन्ही रेझिनमुळे येतात. छिद्रं जवळपास नसल्याने तेल किंवा चहा सहसा मुरत नाही, सीलर (डाग मुरू नयेत म्हणून दगडावर लावायचं द्रव) लावावा लागत नाही. पण साधारण 150 अंशांच्या पुढे रेझिन करपायला लागतं, आणि ओव्हनमधून काढलेला ट्रे सहज 200 अंशांवर असतो. पांढऱ्या ओट्यावर असा पिवळट गोल उठला की तो पुसून जात नाही. घासायला गेलात तर भोवतीची चकाकी उतरते आणि डाग आणखी उठून दिसतो. कडक उन्हातही रेझिन हळूहळू पिवळं पडतं, त्यामुळे उघड्यावरच्या ओट्याला हा दगड नकोच.

ग्रॅनाइट वितळलेल्या खडकातूनच घडलेला. गरम भांड्याने तो करपत नाही. सिंक किंवा शेगडीच्या कडेला उरलेल्या अरुंद पट्टीवर मात्र एकाच जागी फार उष्णता दिली तर तडा जाऊ शकतो, म्हणून तिथे भांड्याखाली स्टँड ठेवावा. पाणी किती शोषेल हे प्रत्येक स्लॅबवर अवलंबून असतं. नमुन्याचा तुकडा घरी आणा, पाण्याचा एक थेंब टाका आणि 10 मिनिटांनी पुसा. खाली गडद ठिपका उरला तर त्या दगडाला सीलर लागणार, आणि तो अधूनमधून पुन्हा लावावा लागणार. ग्रॅनाइट म्हणून विकले जाणारे कितीतरी काळे दगड भूशास्त्राच्या हिशेबाने गॅब्रो किंवा डोलेराइट असतात. ओट्याला ते उलट बरेच, घट्ट आणि कमी शोषणारे. फक्त काळेपणा वरून चोपडलेला नाही ना, ते पांढऱ्या कापडावर अ‍ॅसिटोन घेऊन घासून बघा.

संगमरवराचं तुम्हाला मनापासून वेड असेल तर निर्णय घेण्याआधी एवढं करा. पॉलिश केलेल्या नमुन्यावर लिंबाची फोड ठेवा आणि थोड्या वेळाने उचलून तिरप्या उजेडात पाहा. फोडीच्या आकाराचं निस्तेज कडं दिसेल. याला डाग म्हणता येत नाही. आम्लाने दगडातलं कॅल्शियम कार्बोनेट खाल्लेलं असतं आणि कुठलाही साबण ते भरून काढत नाही. नेहमीचा सीलरही इथे कामाचा नाही, कारण तो मुरणं थांबवतो, झिजणं नाही. त्यात कठीणपणा 1 ते 10 मध्ये मोजणाऱ्या मोहस मापावर संगमरवर 3 च्या आसपास आणि सुरीचं पोलाद साधारण 5.5, म्हणजे ओरखडे ठरलेलेच. ती झीज ज्यांना आवडते त्यांनी जरूर घ्यावा. इतरांना रोजचा मनस्ताप होईल.

क्वार्ट्झ आणि क्वार्ट्झाइट यांची गल्लत करू नका. क्वार्ट्झाइट खाणीतलाच दगड, मोहस मापावर 7 च्या आसपास कठीण. पण त्याच नावाखाली कधी कधी मऊ डोलोमाइट किंवा संगमरवर खपवला जातो. तुकड्याची कड काचेवर ओढली तर खरा क्वार्ट्झाइट काचेवर ओरखडा पाडतो.

आता धुळीचं. कारखान्यातल्या नेहमीच्या क्वार्ट्झमध्ये 90 टक्क्यांहूनही जास्त स्फटिकी सिलिका (गारगोटी ज्याची बनते ते द्रव्य) असू शकते, ग्रॅनाइटमध्ये साधारण 20 ते 45 टक्के, संगमरवरात बहुधा 5 टक्क्यांच्या आत. ही बारीक धूळ श्वासातून गेली की फुफ्फुसात व्रण पडतात. त्या आजाराचं नाव सिलिकोसिस, आणि तो बरा होत नाही. तरुण कारागिरांमध्ये तो वाढल्यावर ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून असे कृत्रिम स्लॅब बनवणं, पुरवणं, कापणं आणि बसवणं यांवर बंदी घातली. घरात बसलेला ओटा वापरणाऱ्याला धोका नसतो. धोका कापणाऱ्याला, घासणाऱ्याला असतो. मी एका मुलाला स्वयंपाकघरात कोरड्या ग्राइंडरने शेगडीचं भोक पाडताना पाहिलंय. तोंडाला रुमाल, आणि भुवया पिठासारख्या पांढऱ्या. तेव्हापासून हा मुद्दा माझ्यासाठी किमतीच्या वर आहे.

दिसण्यात क्वार्ट्झची बाजू खरंच भक्कम आहे. नमुना पाहाल तसाच ओटा मिळतो, सांधे कमी दिसतात. खाणीतल्या दगडाचा मात्र नेमका स्लॅब उभा राहून निवडायला हवा. पुढे खराब झाला तर ग्रॅनाइट आणि संगमरवर जागेवर पुन्हा पॉलिश होतात, क्वार्ट्झचं ते नीट जमत नाही.

माझा कौल रोज राबणाऱ्या ओट्यासाठी घट्ट, गडद खाणीतल्या दगडाला. एकसारखा फिका रंगच हवा असेल आणि गरम भांड्याखाली न चुकता स्टँड ठेवायची घरातल्या सगळ्यांना सवय असेल, तर क्वार्ट्झ चांगली साथ देईल.

दगड कोणताही घ्या, सिंक आणि शेगडीची भोकं घरी नव्हे, कारखान्यात पाणी सोडत कापून घ्या, आणि हे काम देतानाच ठरवा. त्यासाठी मापं आधी लागतात, म्हणून सिंक आणि शेगडी दगडाच्या आधी आणून ठेवा.