मिरजेतलं नर्सच्या युनिफॉर्मचं दुकान : तीन जोड आणि दीड इंच माया

मिरजेत नर्सचा युनिफॉर्म शिवून देणारे ढिगानं आहेत, असणारच, 1894 ला वानलेस डॉक्टरांनी मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासून गावात दवाखाने वाढतच गेलेत, कर्नाटकातनं सुद्धा पेशंट येतात. मी ज्या दुकानाबद्दल लिहितेय ते सतार बनवणाऱ्यांच्या भागातनं आत गेलं की बोळात आहे, दोन मशीन, एक चाचा, एक चाची. चाचा कापतात आणि शिवतात, लेडीजची मापं चाची घेतात.

माझी कंडिशन सांगते म्हणजे कळेल. कोल्हापूरला चार वर्षं काढून इथल्या एका हॉस्पिटलात आयसीयूला सिलेक्शन झालं, ऑफर लेटर हातात आलं आणि जॉइनिंगला अकरा दिवस असताना घरी टेस्ट केली तर दोन रेघा. आनंद झालाच पण पहिला विचार काय आला तर आता हे लोक घेतील का नाही. सासूबाईंचं म्हणणं तिसरा संपेपर्यंत कुणाला काही बोलायचं नाही, मिस्टरांचं म्हणणं जॉइन तर हो मग बघू. आणि एचआरचा मेसेज, नेव्ही ब्लू कुर्ता-पँट तीन जोड, खर्च स्वतःचा.

तर शनिवारी गेले माप द्यायला. दुकानात मशीनच्या तेलाचा वास, एरवी मला काही वाटलं नसतं पण त्या दिवशी पोटात ढवळायला लागलं, तरी मी तोंड मिटून हात वर करून उभी. चाचींनी छाती घेतली, कंबर घेतली, टेप तशीच धरून माझ्या तोंडाकडं बघितलं आणि हळूच विचारलं, "कितवा, सिस्टर?" मी म्हटलं कशाचं काय, कंबर 32 लिहा की. त्यांनी वहीत 32 लिहिलं, ड्रॉवरमधनं आवळासुपारी काढून माझ्या हातावर ठेवली आणि आत चाचांना ओरडून सांगितलं, "दोन्ही बाजूला दीड-दीड इंच माया सोडा हो, कापू नका." माया म्हणजे शिलाईच्या आत सोडलेलं जादा कापड, पुढं उसवून कपडा मोठा करता येतो. घरच्यांनंतर हे कळलेलं पहिलं माणूस म्हणजे ती बाई, आणि मी सांगितलेलं सुद्धा नाही.

पँटचं पण त्यांनीच सुचवलं. पुढं साधी पट्टी दिसेल अशी, मागं इलास्टिक आणि आतनं नाडी, हुक-बटण नको. कुर्त्याचा साईड कट दोन बोटं वर घेतला म्हणजे वाकून बेड वर-खाली करताना ताणत नाही. कापड टेरीकॉट घेतलं, प्युअर कॉटन उन्हाळ्याला बरं पण बारा तासांच्या नाईटनंतर त्याचं चुरगळून पोतेरं होतं, शिवाय आटतं. कापडासकट एक जोड 1150, मला महाग नाही वाटलं, रेडिमेड स्क्रब याहून स्वस्त मिळतात पण त्यात आत सोडलेलं काही नसतं, शिलाई उसवली की हातात दोरा.

आता तक्रारी. जॉइनिंगच्या आदल्या दिवशी तीन जोड हवे होते, दोनच मिळाले. खिसा फार छोटा, मी बोलले होते की त्यात कात्री, मायक्रोपोर (ड्रेसिंगची चिकटपट्टी), दोन पेनं आणि मोबाईल बसला पाहिजे, मोबाईल अर्धा बाहेर राहतो आणि पेशंट सरकवताना दोनदा खाली पडला. एका कुर्त्याचं काज पहिल्याच धुण्यात सुटलं.

तिसरा जोड बुधवारी आणायला गेले तेव्हा माझं डोकं जाग्यावर नव्हतं. झालं असं की जॉइनिंगच्या मेडिकलमध्ये छातीचा एक्स-रे होता, फॉर्मवर शेवटच्या पाळीची तारीख लिहायची असते, तिथं खोटं लिहायला हात होईना म्हणून डॉक्टरांना सांगून टाकलं, त्यांनी एक्स-रे पुढं ढकलला. मंगळवारी एचआरमधनं सुनावलं की तुम्ही आधी सांगायला हवं होतं आणि प्रोबेशनमध्ये मॅटर्निटी लीव्ह नसते. पँटची नाडी घालून होईपर्यंत मी दुकानातल्या कॅलेंडरवर बोट ठेवून दिवस मोजत उभी. कारण कायद्यात प्रोबेशनचा विषयच नाही, डिलिव्हरीच्या तारखेआधीच्या बारा महिन्यांत तिथं 80 दिवस काम भरलं की पहिल्या दोन बाळांना 26 आठवडे पगारी रजा, त्यातले जास्तीत जास्त 8 आठवडे आधी घेता येतात. वीकली ऑफ सोडून मोजले तरी माझे 80 पाचव्या महिन्यात भरत होते. (ज्यांच्या पगारातनं ईएसआय म्हणजे सरकारी कामगार विमा कापला जातो त्यांचं वेगळं, तिथं 70 दिवसांचं कॉन्ट्रिब्युशन बघतात आणि जुन्या नोकरीतलं पण धरतात, नंबर तोच चालू असतो.) चाची म्हणाल्या, "काय मोजतीस एवढं?" मी म्हटलं, दिवस. तर म्हणाल्या, "मोज मोज, आम्ही पण मोजलेत."

इनचार्ज सिस्टर चांगल्या निघाल्या, पोर्टेबल एक्स-रेचं मशीन वॉर्डात शिरलं की मला औषधं आणायच्या निमित्तानं बाहेर पाठवतात. नाईट मात्र एक सुटली नाही.

साडेचारव्या महिन्यात कुर्ते घट्ट व्हायला लागले, घेऊन गेले, चाचांनी समोर बसवून तासाभरात उसवून दिले, जोडीला 60 रुपये. एक गोष्ट आधी माहिती असती तर बरं झालं असतं, बाहेरचं कापड धुऊन धुऊन फिकं झालेलं आणि आत दडलेलं तसंच गडद, त्यामुळं दोन्ही कुशीला बोटभर गडद नेव्ही पट्टी दिसते. जिना चढताना एका पेशंटची आई मागनं म्हणाली, "नवीन फॅशन काय सिस्टर?" तिसरा जोड कमी वापरलेला म्हणून त्याला एवढं दिसत नाही. तेव्हा तिन्ही जोड आलटून-पालटून वापरा, एकच चांगला म्हणून जपून ठेवू नका.

आता सातवा चालू आहे, माया संपली. चाची म्हणाल्या डिलिव्हरीनंतर सगळे आण, परत आत घेऊन देते.

शुक्रवारी दुपारी बंद असतं, फोनपे चालतं, ट्रायलला आत एक पडदा आहे तेवढाच. 5 पैकी 4 स्टार, एक खिशाचा कापला.